गुळवेलीला दिलेलं आमंत्रण

या, असे जवळ सरकून बसा. दार लोटून घ्या रे कोणीतरी, वारं आत येऊन राहिलं. अन् ते मोबाईल उलटे ठेवा. अर्ध्या कानानं ऐकायची ही गोष्ट नाही.

भुताची सांगा म्हणता म्हणून सांगतो. भूत त्यात आहे की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. गोष्ट उद्धवची आहे. उद्धव म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचा तो, वैद्यांच्या वाचनालयात नोकरीला असलेला. सज्जन माणूस. कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यानं मला हे एकदाच सांगितलं, अंगणात उभ्याउभ्या, आणि सांगून झाल्यावर नळाखाली बराच वेळ हात धूत राहिला.

दोन वर्षांपूर्वीचा कार्तिक. वद्य पंचमी, शनिवार. सकाळी उद्धव इतवारा बाजारात हळदकुंकू, सुपाऱ्या आणि एक हिरवा खण घ्यायला गेला. घरी काही कार्य नव्हतं. कार्य होतं वाचनालयात, आणि ओटी भरायची होती एका वेलीची.

आता हे वाचनालय सांगितलं पाहिजे. अंबापेठेत एक नावाजलेले वैद्य होते. मूलबाळ नव्हतं. जाताना घर, पुस्तकं, सगळं ट्रस्टला देऊन गेले. त्यात वैद्यकाचा आणि वनस्पतींचा इतिहास भरलेला आहे. पोथ्या आहेत, इंग्रजांच्या वेळचे पटकीच्या साथीचे अहवाल आहेत, धारणीकडच्या जंगलातून आणून, वाळवून कागदावर चिकटवलेली झाडं काचेच्या कपाटात आहेत. बघण्यासारखं आहे सगळं, पण बघतो कोण? उद्धवचं काम होतं महिन्याला एक सार्वजनिक कार्यक्रम घडवून आणायचं. त्यानं देवीच्या लसीच्या इतिहासावर व्याख्यान ठेवलं, जुन्या दवाखान्यांच्या फोटोंचं प्रदर्शन ठेवलं. यायचे ते ठरलेले पेन्शनर, आणि त्यातलेही अर्धे चहा झाला की चपला शोधायला लागायचे. शेवटी ट्रस्टींनी सांगून टाकलं, गर्दी होत नसेल तर हॉल कोचिंग क्लासला देऊ. आपल्या अमरावतीत कोचिंगला गर्दीची कमी नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग उद्धवनं डोकं चालवलं.

जुन्या वैद्यांची एक रीत होती. औषधाची वनस्पती जाता जाता ओरबाडायची नाही. चांगला दिवस पाहायचा. रविवारी पुष्य नक्षत्र आलं तर सोन्याहून पिवळं. आदल्या संध्याकाळी तिच्यापुढे जायचं, हळदकुंकू वाहायचं, अक्षता ठेवायच्या आणि हात जोडून सांगायचं की अमक्याच्या अंगात दुखणं आहे, ते काढायला माझ्या घरी चल, उद्या सूर्य उगवायच्या आत तुला न्यायला येतो. नाव घ्यायचं रोग्याचं. नुसतं 'कोणीतरी' चालत नाही. आणि ज्यानं आमंत्रण दिलं त्यानंच पहाटे जाऊन, वाटेत कोणाशी न बोलता, ती घेऊन यायची. मधे दुसऱ्यानं हात लावला तर ती चोरी. गुण जातो म्हणतात.

वाचनालयाच्या अंगणात कडुलिंब आहे, आणि त्यावर गुळवेल, खुद्द वैद्यबुवांच्या हातची. मनगटाएवढी जाड. तिलाच लोकांसमोर आमंत्रण द्यायचं असं उद्धवनं ठरवलं. पत्रकं छापली. 'वनस्पतीला आमंत्रण: एका लुप्त प्रथेचं प्रात्यक्षिक. सर्वांना मुक्त प्रवेश.' बसस्टँडवर लावली, राजापेठेत लावली, पेपरात बातमी दिली.

पहाटे वेल आणायला जायचं मात्र त्यानं पत्रकात घातलं नाही. थंडीचे दिवस, अंधारात कोण येणार, आणि बाहेरगावच्या प्रमुख पाहुण्यांना तर रात्रीच परत जायचं होतं. तेवढं गाळलं. कार्यक्रम सुटसुटीत झाला.

गर्दी झाली, खोटं कशाला बोलू. खुर्च्या कमी पडल्या. मी मागच्या रांगेत होतो. पाहुणे तासभर उशिरा आले. मग दिवा लावणं, शाल, नारळ, ज्याच्या त्याच्या हाती माईक, आणि प्रत्येकजण 'मी फार वेळ घेणार नाही' म्हणून वेळ घेणारा. चांगला अंधार पडला तेव्हा कुठे मंडळी कडुलिंबाखाली जमली. उद्धवची मुलगी अश्लेषा, तेव्हा चौथीत होती, तिला नऊवारी नेसवून हातात ताट दिलं होतं. फोटोवाला खूश. उद्धव माईकवर रीत समजावून सांगत होता, आणि सांगत होता फार गोड. लोक चित्रासारखे उभे.

नाव घ्यायची वेळ आली तशी गर्दीतून एक बाई पुढं आली. केसांत, पदरावर कापसाचे तंतू चिकटलेले. नांदगाव पेठेच्या कापडाच्या कारखान्यातून सुटून तशीच आली होती. सुभद्रा तिचं नाव.

"सायेब, माह्या पोराचं नाव घ्या. कुलदीप. पहिलीत हाय. महिना झाला, ताप उतरूनच नाही राहिला. दवाखाने केले, सलाईन लावल्या. आता डॉक्टर म्हणते, घरी न्या."

लोक वळून पाहायला लागले. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. ट्रस्टींनी उद्धवला बजावून ठेवलं होतं. खऱ्या रोग्याची भानगड नको. वाचनालय उपचार करतं असं उद्या कोणी पेपरात छापलं, पोलिसांत गेलं, तर निस्तरणार कोण?

"बाई, हे फक्त प्रात्यक्षिक आहे," तो माईक बाजूला धरून म्हणाला. "पूर्वी काय करायचे ते दाखवतोय आम्ही. औषध देत नाही."

"औषध नका देऊ. नाव तं घ्या. नाव घ्यायले काय जाते तुमचं?"

"तसं नाही चालत. नियम असतात. तुम्ही बसून घ्या ना, प्लीज."

ती बसली नाही. पण मागे सरकली. बिचारीनं 'सर्वांना' हा शब्द खरा मानला होता.

आता नाव घ्यायचं कोणाचं? उद्धवनं समोर पाहिलं. ताट धरून अश्लेषा उभी. ठणठणीत पोरगी, शाळेत पळण्यात पहिली येणारी. हिचं नाव घेतलं तर कोणाची तक्रार नाही, फोटो चांगला, आणि भानगड तर मुळीच नाही. त्यानं खण वेलीला बांधला, अक्षता ठेवल्या, हात जोडले.

"माझी मुलगी अश्लेषा, हिच्या अंगातलं दुखणं काढायला माझ्या घरी चल. उद्या सूर्य उगवायच्या आत तुला न्यायला येतो."

लोक हसले. अश्लेषा तर ताट हलेपर्यंत हसली. टाळ्या पडल्या. हसल्या नाहीत त्या फक्त जयवंताकाकू. काकू म्हणजे वैद्यबुवांच्या पत्नी, फार म्हाताऱ्या, वाचनालयामागच्या दोन खोल्यांत राहतात. त्या खुर्चीवरून उठल्या आणि कोणाशी न बोलता घरात निघून गेल्या. मला ते तेव्हाच खटकलं होतं, पण पाठोपाठ चहा आला.

रविवारी उद्धव निवांत उठला. पेपरात फोटो आला होता, चांगला मोठा. रमानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, तो कापून कपाटाच्या काचेत खोवला. दिवसभर फोन. अभिनंदन, अभिनंदन.

रात्र झाली. जेवणं उरकली. अश्लेषा झोपली होती. चंद्र उगवायचा होता. रमा ओटा पुसत होती आणि उद्धव दाराला कुलूप लावायला गेला, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली.

"कोण आहे?"

"बोलावलं होतं."

आवाज म्हाताऱ्या माणसाचा. लांबून पायी आल्यासारखा दमलेला, पण अदबीचा.

"कोणी बोलावलं?"

"तुमीच." मग थोडं थांबून, "अश्लेषाले पाहायचं आहे."

उद्धवनं बाहेरचा दिवा लावला. फाटकाशी कोणी नव्हतं. कडी आतून लागलेली. रस्त्यावरची कुत्री जागी होती, सगळी एकाच बाजूला तोंड करून बसली होती, आणि भुंकत नव्हती. वास तेवढा होता. हिरवी कांडी मोडल्यावर येतो तसा, कडवट.

मागे रमा येऊन उभी राहिली होती. हातात ओलं फडकं.

"कोणत्या डॉक्टरांना बोलावलं तुम्ही?" ती म्हणाली. "आणि अश्लूला काय झालंय?"

म्हणजे तिनंही ऐकलं होतं. उद्धवनं तिला आत घेतलं. दाराला आतून दोन्ही कड्या घातल्या.

सोमवारी तो वाचनालयात गेला तर तिथला चौकीदार बंडू फाटकातच उभा. बंडू म्हणजे उद्धवहून वयानं मोठा, वैद्यबुवांच्या वेळचा माणूस.

"सायेब, काल पहाटी ते बाई आल्ती. त्या पोराची माय."

"कशाला?"

"तुमी वेल न्यायले येसान म्हणून. तुमच्यापासून एवढुसा तुकडा मागून घेतो म्हने. अंधाराचीच बसली होती इथी, फाटकापाशी. ऊन अंगावर आलं तवा उठली."

"अरे, प्रात्यक्षिक होतं ते! मी कशाला येतोय?"

"मीनं सांगतलं ना तिले. म्हनलं, थांब बाई, मीच देतो एक कांडी तोडून. तं नाही म्हने. दुसऱ्यानं हात लावला तं चोरी होते, सायबानंच सांगतलं माईकवर. सायबाच्या पोरीच्या नावाची हाय ते, माह्या पोराले कशी लागू पडन?"

उद्धवला राग आला. कोणाचा, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बंडूनं तिचा फोन नंबर घेऊन ठेवला होता, तो त्यानं आपल्या मोबाईलमध्ये उतरवून घेतला. दुपारी करू फोन. दुपारी ट्रस्टी पेढे घेऊन आले. हॉल कोचिंगला जाणार नव्हता. पाठीवर थाप पडली, पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमाचं बोलणं निघालं, आणि फोन राहून गेला. राहूनच जातो. आपल्या घरात ताप नसला की दुसऱ्याच्या घरचा ताप उद्यावर ढकलता येतो.

"अन् वेल पाहून घ्या," निघताना बंडू म्हणाला. "मले तं काही समजूनच नाही राहिलं."

गुळवेल तुम्ही पाहिली आहे. तोडून भिंतीवर फेकून दिली तरी जगते, वरूनच खाली मुळ्या सोडते. ती वेल मुळापासून शेंड्यापर्यंत वाळून गेली होती. पानं काळी पडून लोंबत होती. हिरवा खण मात्र जसाच्या तसा.

सोमवारची रात्र.

कडी वाजली नाही. उद्धव उशिरापर्यंत जागा होता. वाजली नाही म्हणून त्याला बरं वाटलं, डोळा लागला. मग कशानं तरी जाग आली. कोणीतरी बोलत होतं. शेजारच्या खोलीतून... अश्लेषा.

"नाही."

मग शांतता.

"नाही... खोकला नाही."

शांतता.

"तिथं पण नाही दुखत."

उद्धव उठला. दारात गेला. खोलीत अंधार होता, खिडकीतून थोडं चांदणं येत होतं. अश्लेषा उताणी झोपलेली. डोळे मिटलेले. एक हात पलंगाबाहेर, तळवा वर केलेला. कोणी नाडी पाहताना धरतो तसा. तो हात खाली लोंबत नव्हता. तरंगत होता.

"हो, भूक लागते," ती म्हणाली.

मग तिनं तोंड उघडलं. जीभ बाहेर काढली. बराच वेळ तशीच ठेवली. कोणी पुरे म्हणेपर्यंत... मग आत घेतली.

खोलीत तो कडवट वास दाटून आला होता.

"बरं," अश्लेषा म्हणाली. हात हळूच खाली आला. तिनं कूस बदलली आणि झोपेतच, बापाकडे तोंड करून म्हणाली:

"बाबा, ते म्हणतात, मी थांबतो. येईल."

मंगळवारी सकाळी पोरगी हसतखेळत शाळेत गेली. तिला काही आठवत नव्हतं. उद्धव मात्र सरळ वाचनालयामागे, जयवंताकाकूंच्या दारात. काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"काकू, वेल वाळली."

"वाळली नाही. गेली ती," काकू म्हणाल्या. "आली ना तुझ्याकडे?"

उद्धव उंबऱ्यावरच बसला. कसंबसं सगळं सांगितलं. काकू ऐकत होत्या, खडे वेचून बाजूला टाकत होत्या.

"हे गेले तेव्हापासून तिला कोणी बोलावलं नव्हतं. तू बोलावलंस, एवढ्या माणसांत, पोटच्या पोरीचं नाव घेऊन. सकाळी न्यायला येतो म्हणालास आणि झोपून राहिलास. मग ती आपल्या पायांनी आली. तिचं काय चुकलं सांग."

"मला खरंच वाटलं नव्हतं, काकू. प्रात्यक्षिक होतं ते."

"तुझं असेल. तिला काय माहीत?"

"परत पाठवता येत नाही का?"

"घरी आलेल्या वैद्याला कोणी परत पाठवतं? तो दुखणं काढायला आलाय. दुखणं नसेल तर बसून राहील."

"किती दिवस?"

काकूंनी सूप खाली ठेवलं. "दुखणं येईपर्यंत."

उद्धव रडकुंडीला आला. काकूंना त्याची दया आली की नाही, देव जाणे. त्या एवढंच म्हणाल्या, "दुसरं नाव दे तिला. पण खऱ्या रोग्याचं दे. खोटं एकदा दिलंस तेवढं पुरे झालं. ती येईल तेव्हाच दे, तिच्या समोर."

खरं नाव त्याला शोधावं लागलंच नाही. ते त्याला शनिवारीच दिलं होतं, आयतं, हात जोडून. त्यानं घरी येऊन सुभद्राला फोन लावला. घंटा वाजत राहिली. कोणी उचलला नाही. संध्याकाळी पुन्हा लावला. दिवे लागले, तरी लावत होता. वाजून वाजून बंद व्हायचा.

रात्री रमाला त्यानं सगळं सांगितलं. रमा त्याच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं तो मला म्हणाला. ती मुलीच्या उशाशी जाऊन बसली, तो पायाशी. दिवा चालू ठेवला. अश्लेषाला झोप लागली.

बराच वेळ काही नाही. लांबून बडनेऱ्याकडची गाडी गेली. पुन्हा शांत.

मग वास आला.

दिवा बारीक झाला. विझला नाही... बारीक झाला.

रमानं पोरीच्या कपाळावर हात ठेवला. उद्धवकडे पाहिलं. त्यानं हात लावला. कपाळ गरम होतं.

अश्लेषाचे ओठ हलले.

"हं," ती म्हणाली. "आता आहे... थोडा आहे."

पलंगाची कड दबली. कोणी बसल्यावर दबते तशी. तिथं कोणी नव्हतं.

"कुलदीप!" उद्धव ओरडला. "कुलदीपला आहे ताप! सुभद्राचा मुलगा, नांदगाव पेठेचा. तो खरा आजारी आहे. तिकडे जा. पाया पडतो... हिला सोडा. तिकडे जा."

काही हललं नाही.

काही नाही...

मग अश्लेषा बोलली. आवाज तिचाच होता, झोपेतला, जड.

"ते विचारतात, आधी का नाही सांगितलं?"

उद्धव काय सांगणार होता? नियम असतात म्हणून?

पलंगाची कड वर आली. फाटकाची कडी वाजली, एकदाच. रस्त्यावरची सगळी कुत्री एकदम भुंकायला लागली, आणि भुंकत भुंकत तो आवाज दूर गेला, नागपूर रोडच्या बाजूला, नांदगाव पेठेकडे. दिवा मोठा झाला. अश्लेषाच्या कपाळाला घाम सुटला होता. ताप उतरला होता.

रमा तिला कुशीत घेऊन बसली. उद्धव भिंतीला टेकून रडला, आनंदानं रडला. त्याला वाटलं, सुटलो. आपली पोरगी वाचली, आणि तो पोरगाही वाचेल, उलट बरंच झालं, औषध जिथं जायला हवं होतं तिथं शेवटी गेलं. माणूस स्वतःला किती लवकर माफ करतो ते पाहा. उजाडायच्या आत त्यानं स्कूटर काढली आणि नांदगाव पेठेकडे निघाला. सुभद्राला सांगायचं होतं, बाई, तुमच्या पोराचं नाव घेतलं मी.

कारखान्यांच्या मागं कामगारांच्या खोल्यांची ओळ आहे. तिथं पोचेपर्यंत झुंजूमुंजू झालं होतं. एका दारासमोर माणसं उकिडवी बसली होती, अंगावर घोंगड्या, चादरी. उद्धवनं स्कूटर लांबच थांबवली.

"सुभद्राबाई इथंच राहतात का?"

एका म्हाताऱ्यानं त्याला खालीवर पाहिलं. "हाव. पोरगं गेलं तिचं. काल दिवेलागणीलेच गेलं. बाप ट्रकवर हाय, आंध्रातून येऊन राहिला. तो आला का मंग उचलू."

दिवेलागणीला. तेव्हा उद्धव फोनच लावत होता.

त्याला तिथूनच परत फिरायचं होतं. पण आतून सुभद्रानं त्याला पाहिलं होतं. ती रडत नव्हती. तिनं मानेनंच आत बोलावलं. पोरगं सतरंजीवर होतं, हनुवटीपर्यंत पांढरी चादर, डोक्याशी पणती. तेल घालून केस विंचरून दिले होते.

"बरं झालं तुमी आले, सायेब," ती म्हणाली. "तुमी शिकलेले हा. तुमाले समजन हे काय हाय ते."

तिनं उशाशी बोट दाखवलं. पणतीच्या पलीकडे एक स्टीलची वाटी होती. वर ताटली झाकलेली.

"मी अन् माहा दीर रातभर इथीच बसेल होतो. दार लावेल होतं. डोळ्याले डोळा नाही लागला माह्या. मधात कुत्रे लय भुकले. मंग पाह्यलं तं हे इथी होतं."

उद्धवनं ताटली उचलली. आत हिरवट काढा होता, नीट गाळून घेतलेला. लहान पोराला एका वेळी देतात तेवढाच.

"शेजारच्या कोणी... ठेवलं असेल," तो म्हणाला.

"मेलेल्या पोरापाशी कोण ठेवते औषध?"

सुभद्रानं वाटी उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"सांगा ना, सायेब. आता कोणाले पाजू हे?"

मयताच्या घरी चूल पेटत नाही. सुभद्राचा गॅस कालपासून बंद होता. दारातल्या माणसांसाठी चहासुद्धा अजून कुठून आला नव्हता. बाहेर दहिवर पडलेलं, पणती विझत आलेली, आणि खोलीत इतका गारठा की बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

उद्धवनं ती वाटी दोन्ही हातांत धरली. काढा गरम होता.